शैवालाच्या पेशी मोजताना: कोणती पद्धत कुठे चालते आणि आकडे का जुळत नाहीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एकाच फ्लास्कमधल्या कल्चरचे (प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवालाचे) तीन पद्धतींनी तीन आकडे आले. बरोबर कोणता?

बहुतेक वेळा तिन्ही. प्रत्येक पद्धत वेगळीच गोष्ट मोजते, आणि आपण मात्र तिन्ही आकड्यांना 'पेशी प्रति मिली' असं एकच लेबल लावतो. मायक्रोस्कोपखाली बसलेला माणूस पेशी ओळखून मोजतो. कोल्टर काउंटर भोकातून गेलेला कण मोजतो, मग तो पेशी असो, मिठाचा खडा असो वा धूळ. फ्लो सायटोमीटर लेसरखाली चमकलेला कण मोजतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर तर काहीच मोजत नाही, कल्चर किती गढूळ आहे एवढंच सांगतो.

सीनेडेस्मस हे शैवाल घ्या. चार पेशी एकमेकींना चिकटून एक पट्टी होते. मायक्रोस्कोपवाला ४ लिहील, दोन्ही यंत्रं १ लिहितील. इथे चौपट फरक पडला तरी चूक कोणाचीच नाही. विभाजनाच्या वेळी क्लोरेलाच्या मातृपेशीच्या कवचात दोन, चार किंवा जास्त पिल्लं एकत्र असतात, तिथेही तेच. म्हणून मोजायला बसण्याआधी वहीत एक ओळ लिहा: 'एकक: सुटी पेशी / कण / वसाहत'. निम्मे वाद तिथेच मिटतात.

मग पद्धत निवडायची कशावरून?

आधी घनता बघा, मग पेशीचा आकार, आणि नमुना जिवंत आहे की ल्युगॉल (पेशी मारून टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घातलेला ते शेवटी. उपकरणाची किंमत आणि रुबाब यादीत नाही.

हिशोब सोपा आहे. चांगल्या आकड्यासाठी साधारण ४०० पेशी नजरेखालून जायला हव्यात (का, ते पुढे येईलच). न्यूबॉवर चेंबरच्या (चौकोन आखलेल्या, ठरावीक खोलीच्या काचेच्या मोजणी-स्लाइडच्या) दोन्ही बाजूंचे सगळे १८ मोठे चौकोन मिळून १.८ मायक्रोलिटर होतात. त्यात ४०० पेशी मिळायला नमुन्यात मिलीमागे सव्वादोन लाखांच्या आसपास पेशी लागतात. तलावाच्या पाण्यात मिलीमागे ५०० पेशी असतील तर न्यूबॉवरच्या १८ चौकोनांत सरासरी एकही येणार नाही. शून्य आलं म्हणून 'शैवाल आढळले नाही' लिहिणारे अहवाल असतात. ती मोजणी नव्हेच.

मिलीमागे हजारभर किंवा जास्त आणि पेशी मोठ्या, तर सेजविक-राफ्टर चेंबर. पेशी बारीक, १०-२० मायक्रॉनच्या खालच्या, पण संख्या बरी, तर पामर-मलोनी चेंबर. संख्या अगदी कमी, तर उटरमोलची गाळ बसवण्याची पद्धत (उभ्या नळीत पेशी तळाशी बसू द्यायच्या आणि तळावर मोजायच्या). दाट, एकाच जातीचं, सुट्या पेशींचं कल्चर असेल आणि रोज वीस फ्लास्क मोजायचे असतील तर कोल्टर किंवा फ्लो सायटोमीटर. दोन मायक्रॉनपेक्षा लहान पेशी साध्या चेंबरमध्ये शोधत बसू नका. काळ्या ०.२ मायक्रॉनच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर घेऊन फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघा, नाहीतर फ्लो सायटोमीटर. प्रोक्लोरोकोकस हा समुद्रातला अतिसूक्ष्म जीव १९८८ मध्ये जगापुढे आला तोही फ्लो सायटोमीटरमुळेच. साध्या मायक्रोस्कोपखाली तो नजरेतून निसटत होता.

न्यूबॉवर चेंबर नेमकं कसं भरायचं?

चेंबर आणि त्याची जाड कव्हर ग्लास ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा. कव्हर ग्लास दोन्ही कडांच्या पट्ट्यांवर हलकी दाबून बसवा. तिरप्या उजेडात तिथे इंद्रधनुष्यी रंगांच्या कड्या दिसल्या पाहिजेत. त्या दिसल्या की खोली ०.१ मिमी झाली. दिसत नसतील तर खाली धुळीचा कण आहे, पुन्हा पुसा. नेहमीच्या स्लाइडवरची पातळ कव्हरस्लिप इथे वापरू नका. ती पाण्याच्या ओढीने वाकते आणि खोली बदलते.

नमुन्याची बाटली हळूहळू उलटसुलट करत मिसळा. पिपेटमध्ये घेतलेला पहिला थेंब टाकून द्या. मग टोक कडेला टेकवून साधारण १० मायक्रोलिटर सोडा. द्रव आपोआप आत ओढला जातो. बाजूच्या खाचेत सांडला तर कव्हर ग्लास किंचित उचलली जाते आणि आकडा फुगतो. अशा वेळी 'जरासंच सांडलंय' म्हणून पुढे जाऊ नका, धुऊन पुन्हा भरा. दोन-तीन मिनिटं थांबा, पेशी तळाशी टेकू द्या.

एक मोठा चौकोन १ × १ × ०.१ मिमी, म्हणजे ०.१ मायक्रोलिटर. म्हणून सरासरी × १०,००० = पेशी प्रति मिली. समजा १ भाग नमुना आणि ९ भाग माध्यम असं विरल केलं, आणि पाच मोठ्या चौकोनांत मिळून २१२ पेशी आल्या. सरासरी ४२.४, गुणिले १०,००० म्हणजे ४.२४ लाख, गुणिले १० म्हणजे मिलीमागे ४२.४ लाख. अहवालात '४२,४०,०००' लिहिलं तरी चालेल, पण '४२,४३,१२७' असला आकडा दिसला तर कोणीतरी कॅल्क्युलेटरवर नको तितका विश्वास टाकलाय असं समजा.

पेशी बारीक आणि दाट असतील तर मधल्या मोठ्या चौकोनातल्या २५ गटांपैकी चार कोपऱ्यांचे आणि मधला असे पाच गट मोजा आणि बेरजेला ५०,००० ने गुणा. एका मोठ्या चौकोनात दोनशेच्या वर पेशी दिसू लागल्या की मोजणारा कंटाळून चुकतो. आधी विरल करा.

क्लॅमिडोमोनास, ड्युनालिएला ही पोहणारी शैवालं पळतात. काय करायचं?

१ मिली नमुन्याला १० मायक्रोलिटर ल्युगॉल पुरतं. पेशी जागच्या जागी थांबतात आणि आयोडीनने तपकिरी झाल्यामुळे दिसतातही चांगल्या. आकारमान १ टक्क्याने वाढलं, त्याची दुरुस्ती केली काय, न केली काय.

रेषेवर बसलेल्या पेशी मोजायच्या का?

वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेल्या घ्या, खालच्या आणि उजव्या सोडा. कोणत्या दोन बाजू हे महत्त्वाचं नाही, प्रत्येक चौकोनाला त्याच दोन ठेवणं महत्त्वाचं.

हा नियम बारकावा म्हणून उडवून लावणारे भेटतात, त्यांच्यासाठी आकडेमोड. २० मायक्रॉनची पेशी आहे आणि रेषेला टेकणारी प्रत्येक पेशी मोजली. १ मिमीच्या चौकोनाची बाजू जणू १.०२ मिमी झाली, आकडा ४ टक्के फुगला. तीच चूक ०.२ मिमीच्या लहान गटात केली तर बाजू ०.२२ होते आणि आकडा २१ टक्के फुगतो. मोठ्या पेशी लहान चौकोनात मोजू नयेत याचं हेही एक कारण.

किती पेशी मोजल्या म्हणजे पुरे?

पेशी चेंबरमध्ये स्वैर विखुरलेल्या असतील तर मोजणी पॉयसाँ वितरणाने (स्वैर घटनांच्या मोजणीच्या गणिताने) चालते आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा ढोबळमानाने ±२/√न असते (न म्हणजे मोजलेल्या पेशी). १०० पेशींना ±२० टक्के, ४०० ला ±१०, १६०० ला ±५. चौपट मेहनत, निम्मी चूक. म्हणूनच ४०० वर थांबायची रीत पडली. २५ पेशींवर अहवाल दिला तर ±४० टक्के, म्हणजे 'दुप्पट झालं' आणि 'काहीच झालं नाही' यांत फरक करणं अवघड.

पण हे फक्त मोजणीच्या नशिबाचं गणित आहे. बाटलीतून काढलेलं पाणी, पिपेट आणि विरलीकरण यांतली चूक त्यात धरलेली नाही, आणि खरी गळती तिथेच असते. एकाच भरलेल्या चेंबरवर दहा वेळा मोजून 'पुनरावृत्ती उत्तम' म्हणणं म्हणजे मोजणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा. बाटलीतून तीनदा स्वतंत्र नमुना काढून तीन वेळा चेंबर भरा. तीन आकड्यांतला फरक पॉयसाँपेक्षा बराच जास्त आला तर दोष मिसळण्यात आहे.

वसाहती असतील तर हे सूत्र पेशींना लावू नका. २०० पेशींच्या दोन वसाहती म्हणजे ४०० पेशी खऱ्या, पण स्वतंत्र निरीक्षणं फक्त दोन.

सेजविक-राफ्टर आणि पामर-मलोनी यांत फरक काय?

सेजविक-राफ्टर ५० × २० × १ मिमी, बरोबर १ मिली. तळाला आखणी असलेल्या चेंबरमध्ये १,००० चौकोन, प्रत्येकी १ मायक्रोलिटर. भरताना कव्हर ग्लास आडवीतिडवी ठेवायची, कोपऱ्यातल्या फटीतून रुंद तोंडाच्या पिपेटने १ मिली सोडायचं. भरत आलं की ग्लास स्वतःच सरकून जागेवर बसते. बुडबुडा अडकला तर पुन्हा. साधारण १५ मिनिटं गाळ बसू द्या, मग यादृच्छिक ३० चौकोन मोजा. सरासरी गुणिले १,००० म्हणजे मिलीमागचा आकडा.

अडचण खोलीची. १ मिमी पाणी आणि वर जाड काच, त्यामुळे जास्त शक्तीचं ऑब्जेक्टिव्ह तळापर्यंत फोकस होतच नाही, काचेला टेकतं. २०० पटीपुढे सहसा जाता येत नाही. पामर-मलोनी गोल आहे, व्यास १७.९ मिमी, खोली ०.४ मिमी, आकारमान ०.१ मिली. इथे ४०० पटीपर्यंत जाता येतं, पण पाणी दसपट कमी बघितलं जातं. म्हणून विरळ नमुन्यात मोठ्या दुर्मिळ पेशी हातून सुटतात. मिश्र नमुन्यात दोन्ही वापरा: मोठ्या एकात, बारीक दुसऱ्यात.

उटरमोल पद्धतीत आकडे इतके हलतात, का?

कारण गाळ तळावर सारखा बसलेला नसतो. नमुना फ्रिजमधून काढून लगेच चेंबरमध्ये ओतला की पाणी गरम होताना आतल्या आत फिरतं आणि पेशी एका कडेला गोळा होतात, शिवाय बारीक बुडबुडे सुटतात. नमुना, चेंबर आणि खोली एकाच तापमानाला येऊ द्या, मगच भरा. टेबल सपाट हवं. सेंट्रिफ्यूज किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याच टेबलावर नको.

ल्युगॉल घातलेल्या नमुन्याला उंचीच्या दर सेंटीमीटरला निदान ३-४ तास द्या. २५ मिमी व्यासाची १०० मिलीची नळी सुमारे २० सेंमी उंच असते, म्हणजे तीन दिवसांचा हिशोब. रात्रभर ठेवून सकाळी मोजलं तर जड डायाटम (वाळूसारख्या सिलिकाच्या कवचाची शैवालं) मिळतील, बारीक फ्लॅजेलेट (शेपटीने पोहणाऱ्या पेशी) अजून वरच तरंगत असतील. आकडा कमी येईल तो नेमका बारीक पेशींचा, आणि यादीच चुकीची होईल.

हिशोब असा. तळाचं क्षेत्रफळ ४९१ चौमिमी. दृष्टिक्षेत्राचा व्यास स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडने) मोजून ०.४५ मिमी, म्हणजे ०.१५९ चौमिमी. अशी ५० क्षेत्रं म्हणजे ७.९५ चौमिमी. त्यात ४२० पेशी दिसल्या आणि चेंबर २५ मिलीचं होतं, तर ४२० × (४९१ ÷ ७.९५) ÷ २५ = मिलीमागे सुमारे १,०४०. दृष्टिक्षेत्राचा व्यास कॅटलॉगमधून उचलू नका. व्यासातली ५ टक्के चूक उत्तरात १० टक्के होते.

मोजणी आधी कमी शक्तीच्या ऑब्जेक्टिव्हवर पूर्ण तळ बघून करा. गाळ एका बाजूला दिसला तर तो चेंबर फेकून द्या. अशा चेंबरमध्ये दुप्पट क्षेत्रं मोजूनही आकडा सुधारत नाही.

ल्युगॉल किती घालायचं आणि ते काय बिघडवतं?

आम्लयुक्त ल्युगॉलची नेहमीची कृती: १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ते विरघळल्यावर ५० ग्रॅम आयोडीन, शेवटी १०० मिली ग्लेशियल असेटिक आम्ल. क्रम उलटा केला तर आयोडीन तळाशी तसंच बसून राहतं. १०० मिली नमुन्याला ०.५ ते १ मिली, फिकट बिनदुधाच्या चहाचा रंग येईपर्यंत. काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवा. प्लॅस्टिक आयोडीन शोषतं. काही आठवड्यांनी रंग उडाला असेल तर थोडं आणखी घाला, नाहीतर नमुना सडतो.

बिघाडांची यादी छोटी नाही. पेशी आकसतात, त्यामुळे आकारमान काढायचं तर सावधान. कोकोलिथोफोरची चुन्याची कवचं आम्लात विरघळतात, त्यांना आम्लाऐवजी सोडियम असेटेट घातलेलं ल्युगॉल लागतं. आणि आयोडीन क्लोरोफिलची चमक मारून टाकतं, म्हणून ल्युगॉलचा नमुना फ्लो सायटोमीटरकडे नेऊ नका. त्यासाठी वेगळा नमुना काढून ०.२५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये अंधारात दहा मिनिटं ठेवतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात.

मायक्रोसिस्टिस तळाशी बसतच नाही. उपाय?

मायक्रोसिस्टिस म्हणजे वसाहती करणारं निळं-हिरवं शैवाल. पेशींतल्या वायुकोशांमुळे ते तरंगतं. ल्युगॉलमध्येही बराच भाग वर राहतो. वायुकोश दाबाने फुटतात. नमुना जाड प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये बिनहवेचा भरा, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात दाबा. दुधाळ हिरवं पाणी डोळ्यांदेखत पारदर्शक हिरवं होतं, तेव्हा काम झालं. हा बदल दिसला नाही तर दाब कमी पडला.

वसाहत फोडायची तर ०.०१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंश सेल्सिअसला तापवा आणि जोरात हलवा, किंवा थोडा वेळ सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवा). सोनिकेशनची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते: दर काही सेकंदांनी मोजा, सुट्या पेशींचा आकडा चढतो, सपाट होतो, मग पेशी फुटून उतरू लागतो. त्या सपाट भागात थांबायचं.

ओडी घेतला की झालं, मग मोजायचं कशाला?

रोजच्या देखरेखीला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजलेला गढूळपणा) उत्तम आहे. एका मिनिटात होतो. पण तो पेशींचा आकडा नव्हे.

तरंगलांबी ७५० नॅनोमीटर ठेवा. ६८० वर क्लोरोफिल प्रकाश शोषतं, आणि उजेड कमी केला की तीच पेशी जास्त क्लोरोफिल बनवते. म्हणजे पेशी तेवढ्याच, ओडी वाढलेला. नायट्रोजन संपला की क्लोरोफिल उतरतं, पण पेशी फुगतात, तेव्हा ७५० लाही धोका आहे. वाढीच्या सुरुवातीला बनवलेली ओडी-पेशी रेषा म्हाताऱ्या कल्चरला लावू नका.

पुष्कळ यंत्रांवर ०.४ च्या वर रेषा वाकते. आपल्या यंत्राची मर्यादा विरलीकरण मालिकेने शोधा: निम्मं केल्यावर ओडी निम्मा होतो का? झाला नाही तर मर्यादा ओलांडली. दुसऱ्या प्रयोगशाळेची रेषा उसनी घेऊ नका. गढूळपणात प्रकाश विखुरतो, आणि विखुरलेल्यापैकी किती डिटेक्टरवर पोचतो हे यंत्राच्या बांधणीवर आहे. एकच क्युव्हेट दोन यंत्रांत दोन ओडी देते. आणि क्युव्हेट भरून फोनवर बोलायला जाऊ नका, पेशी खाली बसतात.

कोल्टर आणि फ्लो सायटोमीटर वापरताना हमखास काय चुकतं?

कोल्टरमध्ये भोकाच्या व्यासाच्या साधारण २ ते ६० टक्के आकाराचे कण मोजले जातात, म्हणजे १०० मायक्रॉनच्या भोकाला २ ते ६० मायक्रॉन. शैवालाशिवाय नुसतं गाळलेलं माध्यम आधी मोजा. ऑटोक्लेव्हमध्ये माध्यमात साका बसला असेल तर तोही 'पेशी' म्हणून येतो. दाट नमुन्यात दोन पेशी एकदम भोकातून जातात आणि एक मोजली जाते. गोड्या पाण्यातली शैवालं कोल्टरला लागणाऱ्या खारट द्रावणात घातल्यावर लगेच मोजा, ती आकसतात.

फ्लो सायटोमीटरमध्ये चूक असते ती आकारमानाची. मिनिटाला किती मायक्रोलिटर गेलं हे पडद्यावरच्या सेटिंगवरून धरू नका. नळी आधी आणि नंतर वजन करा, १ मायक्रोलिटर पाणी सुमारे १ मिलिग्रॅम. किंवा ज्ञात संख्येचे मणी घाला. स्केलेटोनेमासारख्या साखळ्या इथेही एकच घटना म्हणून मोजल्या जातात.

तंतुमय शैवालाचं काय?

पेशी मोजू नका. तंतूंची एकूण लांबी मोजा आणि सरासरी पेशी-लांबीने भागा. स्पिरुलिनासाठी तर गाळून, वाळवून वजन घेणं जास्त प्रामाणिक.

दोन पद्धती जुळतात हे कसं दाखवायचं? r = ०.९९ आलाय.

r हा सहसंबंध गुणांक. r = ०.९९ म्हणजे एक वाढलं की दुसरं वाढतं, एवढंच. एक पद्धत सतत दुप्पट आकडा देत असेल तरीही r तेवढाच येईल. एका कल्चरची सहा पातळ्यांची विरलीकरण मालिका करा, प्रत्येक पातळीचे तीन स्वतंत्र नमुने. मोजणाऱ्याला पातळी कळू नये म्हणून नळ्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक लिहा. मग दोन पद्धतींचे आकडे एकमेकांपुढे मांडून रेषेचा उतार आणि छेद बघा: उतार १ पासून दूर म्हणजे प्रमाणातली चूक (चेंबरची खोली, पंपाचा वेग, साखळ्या), छेद शून्यापासून दूर म्हणजे पार्श्वभूमी (कचरा, माध्यमातला साका). त्यासोबत ब्लँड-ऑल्टमन आलेख काढा, सरासरीपुढे फरक. १९८६ पासून वैद्यकीय मोजमापांत तो रुळला आहे, शैवालालाही तेवढाच लागू पडतो. आकडे अनेक पटींत पसरलेले असतील तर आधी लॉग घ्या.

वाढीचा दर हाच प्रश्न असेल तर प्रमाणातली स्थिर चूक आपोआप कटते, कारण ln(न२/न१) मध्ये (नंतरच्या आणि आधीच्या आकड्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग) गुणक उडून जातो. तेव्हा प्रयोगाच्या अध्येमध्ये पद्धत बदलायची नाही, एवढं पाळा.

मेलेल्या पेशी?

ल्युगॉलमध्ये कळत नाहीत. जिवंत नमुन्यात इव्हान्स ब्लू मृत पेशीत शिरून ती निळी करतो. फ्लो सायटोमीटरवर तेच काम सायटॉक्स ग्रीन हा चमकणारा रंग करतो.

आकडा पुरेसा आहे की जैवआकारमानही (पेशींचं एकूण आकारमान) काढावं?

मिश्र नमुना असेल तर काढाच. ५ मायक्रॉन व्यासाच्या गोल पेशीचं आकारमान सुमारे ६५ घनमायक्रॉन, ५० मायक्रॉनच्या पेशीचं सुमारे ६५,४५०. एक मोठी पेशी हजार लहान पेशींएवढी. नुसत्या आकड्यांच्या तक्त्यात ती एक ओळ दिसणारही नाही.

चेंबर कसं स्वच्छ करायचं?

वापरल्याबरोबर पाण्याने, मग ७० टक्के अल्कोहोलने, लेन्स पेपरने टिपून. ल्युगॉल वाळू दिलं तर खाचांत तपकिरी कडा बसतात आणि पुढच्या वेळी त्याच पेशी वाटतात. ब्रश आणि खरखरीत टिश्यू टाळा. ओरखडा पडलेल्या चौकोनात पारदर्शक बारीक पेशी दिसत नाहीत, तो चौकोन वहीत नोंदवून मोजणीतून कायमचा वगळा.